पिवळं मेण

इस्त्री तापली होती, स्की टेबलावरच्या पकडीत आवळली होती आणि मयुरेशने सवयीने पिवळ्या मेणाची वडी उचलली होती. तेवढ्यात अन्वी जिना उतरून तळघरात आली आणि वॉशिंग मशीनवर चढून बसली.

ती एरवी कधी खाली यायची नाही. स्कीची देखभाल हे बाबाचं खातं होतं. शर्यतीच्या आदल्या दुपारी तो दोन तास स्वतःला तळघरात कोंडून घ्यायचा, कडांना फाइलने धार लावायचा, तळाला मेण पाजायचा आणि मगच वर यायचा. मयुरेश लेकीसाठी किती राबतो, हे त्याची बायको विभावरी मंडळाच्या गणपतीत चारचौघांत सांगायची आणि बाकीच्या नवऱ्यांची पंचाईत व्हायची.

खरं काय ते मयुरेशलाच ठाऊक होतं. बर्फ जितका थंड तितकं मेण कडक लागतं. कडाक्याच्या थंडीत निळं लावायचं, उन्हाने ओलावलेल्या बर्फाला मऊ पिवळं. थंड बर्फावर पिवळं लावून गेलं की स्की पुढे जायला कुरकुर करते. अन्वीच्या शर्यती व्हायच्या त्या उणे दहा-बाराच्या थंडीत. आणि मयुरेश गेले दोन हिवाळे न चुकता पिवळंच लावत आला होता. धारेत मात्र त्याने कधी कसूर केली नाही, कारण धार असली तर पोरीला वेळेवर थांबता येतं.

माणूस दुष्ट नव्हता, घाबरट होता. जर्मनीत नेकारसुल्मला आल्यावर पहिल्याच थंडीत ऑफिसची सहल निघाली होती. तिथे चार वर्षांच्या पोरांच्या उतारावर तो असा काही पडला, की मनगटात अजून धातूची पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. त्यानंतर त्याने स्कीवर पाय ठेवला नाही. नोकरी गाड्यांचे ब्रेक तपासण्याची, त्यामुळे वेगात असलेली वस्तू आदळली की काय होतं, हे त्याला दशांश चिन्हापर्यंत पाठ होतं. अन्वी शर्यतीत उतरायला लागली, तो पहिला हिवाळा त्याने पार्किंगमध्ये गाडीत बसून काढला. काचा बंद, रेडिओ मोठा. पुढच्या वर्षी त्याला मेणाची युक्ती सुचली. तेव्हापासून तो थर्मास घेऊन थेट शेवटच्या रेषेपाशी उभा राहू लागला, टाळ्या पिटू लागला, घसा बसेपर्यंत ओरडू लागला. अन्वी पाचवी यायची, कधी सहावी. हातपाय धड असायचे. त्याला तेवढं पुरे होतं.

उद्या मात्र आल्गॉयच्या डोंगरात मोसमातली शेवटची शर्यत होती आणि पहिल्या तिघींना वरच्या संघात घेणार होते. गुरुवारी ट्रेनरचा फोन आला होता. पोरीची वळणं सगळ्यांत सुरेख आहेत, तो म्हणाला, पण सरळ उतारावर ती कुठे कमी पडते तेच मला कळत नाही. मयुरेशने "हो, हो" करत फोन ठेवला. तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. तरीही आज हात गेला तो पिवळ्या वडीकडेच.

"उद्या उणे बारा आहे," अन्वी म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. आज ती मराठीत बोलली, तेव्हाच खरं तर त्याने ओळखायला हवं होतं.

तो घर्षणावर बोलायला लागला. हवेतली आर्द्रता, बर्फाच्या कणांचा आकार, स्कीखाली तयार होणारा पाण्याचा पातळ थर. इंजिनियर खोटं बोलायला लागला की त्याच्या बोलण्यात आकडे वाढतात. अन्वीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, कुठल्या थंडीत कुठलं वॅक्स, हे आम्हाला क्लबमध्ये पहिल्याच वर्षी शिकवलंय."

मयुरेशच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कधीपासून माहीत आहे, असं त्याने विचारलं. पिवळ्यावरच्या पहिल्याच शर्यतीपासून, ती म्हणाली, पायांना लगेच कळतं. मग क्लबच्या खोलीत ते खरवडून निळं का नाही लावलंस, दहा मिनिटांचं तर काम, असं त्याने विचारलं. तिने नुसते खांदे उडवले.

आणखी विचारायची त्याची हिंमत झाली नाही. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याने खोक्याच्या तळातून निळी वडी काढली. तिचं वेष्टनसुद्धा फोडलेलं नव्हतं. इस्त्रीला टेकवून त्याने थेंब पाडले, टोकापासून टोकापर्यंत सारखे पसरले, निवू दिले, पट्टीने खरवडले आणि ब्रश मारला. दुसऱ्या स्कीलाही तेच केलं. काम चोख झालं.

"घे," तो म्हणाला. "उद्या पहिल्या तिघींत येशील."

अन्वी मशीनवरून उतरली. स्कीच्या तळावरून तिने बोट फिरवलं, पण स्की उचलली नाही.

"मग उद्या तू परत गाडीत बसणार?"

"म्हणजे?"

तिने एकेक मराठी शब्द जुळवत सांगितलं.

"वॅक्स मी कधीही बदलू शकले असते, बाबा. पण पिवळ्यावर मी पाचवी यायचे आणि खाली तू उभा असायचास."