भोपळ्याचा तास

साहेब, आमचा भोपळ्याचा तास बंद पाडायला तुम्हीच निघालात.

मिरजेत तानपुरे बनवणारे दस्तगीरचाचा दर गुरुवारी दवाखान्यात येतात आणि वाळलेल्या भोपळ्यावर बोटं वाजवून, पोकळ कुठं नि भरीव कुठं हे ओळखायला शिकाऊ डॉक्टरांचे कान तयार करतात. बदल्यात डॉक्टर पोरं चाचांना नातवाचा दमा सांभाळायला शिकवतात. त्यातल्या प्रियदर्शनीनं तर मागच्या आठवड्यात नुसती बोटं वाजवून एका म्हातारीच्या छातीतलं पाणी ओळखलं.

तुम्ही दवाखान्याच्या तपासणीला आलात आणि भर वर्गात विचारलंत, "चौथी पास माणूस डॉक्टरांना काय शिकवणार? हे बंद करा."

"बसा की साहेब, दावतो," म्हणत चाचांनी तुमच्या टकलावर दोन बोटं वाजवली. "काय गं पोरी, काय ऐकलंस?"

"पोकळ हाय, चाचा," प्रियदर्शनी हसू दाबत म्हणाली.

"चुकलीस. पोकळ असतं तर घुमलं असतं."

तास बंद करायची ऑर्डर खुशाल काढा साहेब, पण आधी सगळ्या वर्गाला सांगा:

 

आत नेमकं भरलंय काय?