पांढऱ्या ठिपक्यांचा पाटा

"असली सरमिसळ आमच्या घरात चालायची नाही," असं सांगून मी पाट्याला टाकी लावत बसले. नात सुगंधा दाराआड रडत होती. तिनं पसंत केलेला परजातीचा पोरगा, कॉलेजात दगडांचा मास्तर म्हणे, अंगणात उभाच होता.

आमच्या घरच्या लेकी-नाती सासरी निघाल्या की त्यांचा पाटा मी घडवते. म्हटलं, यालाही कळू दे. "बघ, अस्सल दगड. एकाच रक्ताचा."

पोरगा वाकला, पाट्यावरून बोट फिरवलं. "आजी, हे पांढरे ठिपके जमिनीखाली एका वितळलेल्या रसात वाढले. मग खालून दुसरा, जास्त तापलेला रस त्यात घुसला. दोन्ही मिसळले, जमीन फुटली आणि वर आलं त्याचा हा दगड झाला."

"म्हणजे भेसळीचा?"

"हो, आजी."

सून पदरात तोंड खुपसून हसली. चाळीस वर्षं मी हाच दगड निवडतेय. बिनठिपक्याचा पाटा महिन्यात गुळगुळीत होतो, मिरची नुसती घसरते. हे गावाला मीच शिकवलंय. आता या भेसळीला नावं कुठल्या तोंडानं ठेवू?

मी टाकी-हातोडी त्याच्या हातात दिली. "मला काय शिकवतोस? मला सगळं आधीच ठाऊक होतं. बस इथं, सुगंधाचा पाटा तूच पुरा कर. आणि अंधार पडायच्या आत कर. तिचा बाप घरी आला की तुझ्या त्या जमिनीसारखा फुटणार आहे. त्याला मीच वाढवलाय."