बाकी सगळं स्थिर

"सर, हा एक आहे की नऊ?" सिस्टरनं कागद पुढे केला.

"नऊ," मास्तर म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातच होता.

"असा जुन्या वळणाचा नऊ आता कोण काढतं, देव जाणे."

हॉस्पिटलच्या ऑफिसनं मीटिंगमध्ये वाटलेली, हातानं लिहिलेल्या आकडेमोडीची ती झेरॉक्स होती. मास्तरांनी जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं, हे कळल्यापासून सिस्टर संधी शोधत होती. खाटेवर मास्तरांची बायको झोपली होती. ऑपरेशनचा दुसरा दिवस.

"यांची प्रकृती स्थिर आहे," नाडी पाहून सिस्टर म्हणाली. "स्वतंत्र खोली, तीही सवलतीत. ओळख दिसते ऑफिसात?"

"आहे थोडी."

"मग मला एवढं समजावा. या कागदापायी माझ्या तीन मैत्रिणींना घरी बसवलं."

मास्तरांनी घसा साफ केला. शिकवायला लागलं की त्यांना एरवी बरं वाटायचं.

"नफा दोन गोष्टींवर ठरतो, खाटा आणि नर्स. एका वेळी एकच हलवायची, दुसरी स्थिर धरायची. त्यानं नफा जेवढा बदलतो, त्याला आंशिक विकलज म्हणतात. नर्स तेवढ्याच ठेवून एक खाट वाढवली, तर महिन्याचा नफा चार हजारांनी वाढतो. खाटा तेवढ्याच ठेवून एक नर्स वाढवली, तर उणे नऊ. म्हणजे नऊ हजारांनी घटतो."

"आणि एक नर्स काढली की नऊ हजार सुटले."

"साधारण. पण एकच! आहोत तिथून एक पाऊल, एवढंच तो आकडा सांगतो. तीन काढून सत्तावीस सुटतील, असं त्यात नाही."

"सुटणार नाहीत, असं तरी कुठं लिहिलंय?"

"लिहायला हवं होतं," मास्तर हळूच म्हणाले.

"आणि तेवढ्यात बाकी सगळं स्थिर राहतं?"

"तसं धरायचं असतं."

"धरलं की राहतं?" ती हसली. "आमच्याकडे ते ठेवावं लागतं, सर. सकाळपासून दोन मजले एकटी बघतेय मी."

वरच्या मजल्यावर घंटा वाजली. कागद खिशात कोंबत ती धावली.

थोड्या वेळानं बायकोनं पाणी मागितलं. मास्तरांनी चमचा ओठांशी नेला आणि तिचा श्वास घरघरायला लागला. त्यांनी घंटा दाबली. पुन्हा दाबली. मग दाबूनच धरली. दाराशी जाऊन ते ओरडले, "सिस्टर! अहो, कुणी आहे का?" बाहेर नर्सच्या टेबलामागे चार खुर्च्या होत्या, चारही रिकाम्या. परत येऊन त्यांनी तिचा हात धरला. जिन्याकडे धावावं तर तो सोडावा लागणार होता. तो त्यांच्यानं सोडवेना.

सिस्टर आली तेव्हा बायकोची धडपड थांबली होती. डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली.

"वर एकाला फिट आली होती हो," सिस्टर रडत म्हणाली. "मी एकटी कुठं कुठं पुरणार?"

"तुमचा काही दोष नाही," मास्तर म्हणाले. "तुमचा अजिबात नाही."

तिनं डोळे पुसून फॉर्म पुढे केला. मास्तरांनी चष्मा लावला. बायकोचं नाव लिहिलं, त्याखाली वय. एकोणसाठ, आकड्यात.

सिस्टर त्या आकड्याकडे पाहत राहिली. मग तिनं खिशातला कागद काढून फॉर्मशेजारी उलगडला. एक आहे की नऊ, हे तिनं या वेळी विचारलं नाही.