रुंद पदर

“चेनवाला गाऊन आहे का?” स्वप्नालीने इतक्या हळू विचारलं की बसलिंगप्पांना काउंटरवर वाकून कान पुढे करावा लागला.

“लेकराला पाजायचा व्हय? हाय की. दोन्ही बाजूंनी चेन. सुती कापड.” त्यांनी गठ्ठा सोडला.

दुसऱ्या मुलाला जन्म देऊन तिला दीड महिना झाला होता. जुने ब्लाऊज दाटत होते. परकराची नाडी टाक्यांवर रुतायची. हूक निघेपर्यंत बाळ रडून लालबुंद व्हायचं. आज सासूबाई, उमादेवी, आपणहून म्हणाल्या, “चल, घरात घालायला सैल काहीतरी घेऊ तुला.” लग्नाला पाच वर्षं झाली होती. असं पहिल्यांदाच घडत होतं.

त्याआधी शेजारच्या दुकानात एक साडी घेऊन झाली होती. ती थोरल्या जाऊबाईंसाठी, दामिनीसाठी. “उद्या दामिनीची ओटी भरायची हाय,” उमादेवी ऑटोत म्हणाल्या होत्या. दामिनी धर्माबादला राहणारी, पंधरा दिवसांपासून इकडे लातूरला येऊन राहिलेली. लग्नाला अकरा वर्षं, मूल नाही. स्वप्नाली मनापासून हरखली. दामिनीअक्कांना दिवस गेले आणि कुणी बोललंही नाही! हिरवी साडी तिनेच निवडली. पदर दोन्ही हातांनी ताणून पाहिला. “रुंद आहे, आत्याबाई. ओटी नीट मावेल.” उमादेवींनी तेव्हा मान वळवून रस्त्याकडे पाहिलं होतं.

आता छाती दुखायला लागली होती. “बाळ उठलं असेल. भुकेलं असेल.”

“दामिनी हाय की घरी. बाटली घ्यायला लागलाय तो. सकाळधरनं दोनदा पिला.”

स्वप्नालीला ते आवडलं नाही. तिने एक निळा आणि एक पिवळा गाऊन बाजूला काढला. “हे दोन घेते.”

उमादेवींनी दोन्ही उचलले आणि बसलिंगप्पांपुढे सरकवले. “हे नको. बिनचेनचे बांधा.”

“लेकुरवाळीला चेनच बरी पडते, उमाक्का.”

“बिनचेनचे म्हणलं की, अप्पा.”

बसलिंगप्पा दुसरा गठ्ठा शोधू लागले. स्वप्नालीने निळ्या गाऊनची बाही सोडली नव्हती. “आत्याबाई, वर्षभर तरी बाळ अंगावर पिईल. साध्या गाऊनात कसं पाजू?”

“पाजायचं कुठं ऱ्हायलंय आता?” उमादेवींनी तिच्या हातातून बाही सोडवली. “दामिनीच्या ओटीत उद्या लेकरूच घालायचंय. तुझ्या नवऱ्यानं, मल्लेशनं हाव म्हणलंय. थोरला पोरगा हाय की तुझ्यापाशी.”

स्वप्नालीच्या ब्लाऊजवर दोन ओले डाग पसरत गेले.

उमादेवींनी साडीची पिशवी उचलून काखेत धरली.

“आन् आता रडू नको. पदर तूच ताणून बघितलास न्हवं?”