दर दहाला एक ठक

"मोजणारा गप्प झाला की पक्षी सोडून आधी त्याच्याकडे बघायचं," हे बाबांचं सांगणं तिने हसण्यावारी नेलं होतं. आज बाबा किनाऱ्यालगतच्या खडकावर बसून समुद्रपक्षी मोजत होते आणि दर दहा पक्ष्यांमागे काठी ठक्कन आपटत होते. त्यांच्याकडे पाठ करून ती डबक्यावरचे चतुर लेकीला दाखवत होती. पोर पाण्यात पडेल या धास्तीने तिचा फ्रॉक मुठीतून सुटत नव्हता. ठकठक कधी थांबली, कळलंच नाही. "आई, आजोबांची काठी पोहतेय!" लेक खिदळली. ती गर्रकन वळली. भरतीने खडक वेढला होता. लेकीला वर वाळूत बसवून ती कंबरभर पाण्यात शिरली. "बाबा, हाक मारायचीत ना!" "पोरीला सोडून धावली असतीस," तिचा खांदा धरत ते पुटपुटले. तुमच्या घरात हल्ली कोण गप्प झालंय, तेवढं आधी बघून या.