अक्षर नको, चेहरा नको

"हा कोणता खेळ?" उस्ताद एलादिओंनी पुठ्ठ्याचा साचा ओतिलियाच्या टेबलावर आपटला.

पुठ्ठ्यात एक मूठ कापली होती आणि मुठीत दांडकं. बस्स. छपाईच्या कारखान्यात दोरीवर वल्हं, बॉक्सिंगचा हातमोजा, सायकलचं चाक अशी खेळांची चित्रं वाळत होती. ऑलिंपिक तोंडावर आलं होतं आणि मेक्सिको शहरात रस्तोरस्ती, खांबाखांबांवर हीच चित्रं लागत होती. काल विद्यापीठाजवळ त्यांच्याच रांगेत हे दांडकंही लागलेलं दिसलं. तोच रंग, तीच जाड रेघ.

"तुम्हीच शिकवलंत ना उस्ताद?" ओतिलियाने हातातलं पातं खाली ठेवलं नाही. "अक्षर नको, चेहरा नको, नुसती वस्तू दाखवा. जगभरातून माणसं येणार, त्यांना कुठलं स्पॅनिश येतंय? वल्हं दिसलं की त्यांना होड्या कळतात. मग इथे अजून काय काय चालतं तेही कळू दे की!"

"तुझ्या रागापायी आमच्या सगळ्यांच्या चुली विझवशील, कार्टे!"

"आई रोज तुरुंगाच्या फाटकाशी डबा घेऊन उभी असते. नाबोर आत आहे की नाही, एवढंसुद्धा सांगत नाहीत मेले."

नाबोर तिचा धाकटा भाऊ. विद्यार्थ्यांच्या सरकारविरोधी मोर्चात चालला, एवढाच त्याचा गुन्हा. पाहुण्यांसाठी भिंती रंगवायच्या आणि घरच्या पोरांची डोकी फोडायची, असा सगळा उजेड होता.

उस्ताद काही बोलणार तोच दार धाडकन उघडलं. दंगल पोलिसांचा सार्जंट दोन शिपाई घेऊन आत शिरला. भिंतीवरून ओरबाडलेला कागद त्याने सगळ्यांपुढे नाचवला.

"कुणी कापलं हे?"

उस्तादांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, ही रिले शर्यत," ते चाचरत म्हणाले. "पळताना एकमेकांच्या हातात देतात ना, ती कांडी."

"मला येडा समजतोस का रे म्हाताऱ्या? हे आमचं दांडकं आहे! शेंबड्या पोरालाही कळेल!"

"तुम्हाला लगेच कळलं?"

"बघताक्षणी!"

उस्तादांनी टेबलावरचा साचा उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मग बोलले तेव्हा आवाजात भीतीचा मागमूस नव्हता, नुसता संताप होता.

"म्हणजे चित्र जमलंय. माझं आहे ते. मी कापलं."

ओतिलिया ताडकन उठली. "उस्ताद, तुम्ही कशाला..."

"गप बस! मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, कितीदा सांगायचं?"

शिपायांनी त्यांचे हात मागे पिरगाळले. टोपी खाली पडली, ती त्यांना उचलू दिली नाही. दारात मात्र उस्ताद अंग झटकून थांबले आणि रोज ओरडायचे तसेच तिच्यावर ओरडले, "बघत काय बसलीस? अजून अर्ध्या शहराचे खांब मोकळे आहेत!"