चढावरची बाग

मंजूर झालेला पंप ठरल्यापेक्षा लहान निघाला, तेव्हा सामायिक पाणीयोजनेच्या इंजिनिअरने सगळा आराखडा नव्याने मांडला. पाइप बदलून पाहिले, पाण्याच्या पाळ्या बदलून पाहिल्या, पण काही केल्या चढावरच्या शेवटच्या बागेत पाणी चढेना. साहेबांकडे हेलपाटे घातले. "एका बागेसाठी मोठा पंप मिळत नसतो," एवढंच उत्तर मिळालं.

ती बाग त्याच्या थोरल्या बहिणीची होती.

परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून तो सकाळीच तिच्याकडे गेला. ताई डाळिंबांच्या मधोमध गवंड्याशी बोलत उभी होती. पायाशी ओलं सिमेंट थापलेलं होतं.

"ताई, हे काय?"

"अरे, तुमच्या योजनेत यायचं तर आधी आपापली बोअर बुजवायची, अशी अट आहे ना? सगळे नुसते एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले, पुढे कुणी होईना. शेवटी मीच म्हटलं, माझी बुजवा पहिली. माझा सख्खा भाऊ पाणी आणतोय, मला कसली भीती?"